बडगी एकच शे

नानांना ‘चहा कधी येईल?’ असं साधं विचारलं, तरी ते आधी विचारतात, ‘टपरीवर आणखी कोण कोण उभं आहे?’ देवपूरच्या आमच्या कॉलेजात ते संगणक शिकवतात. एकच काम अनेक संगणकांना वाटून दिलं तर किती वेळात उरकेल, हे आधीच सांगण्याचा त्यांना नाद. नाद कसला, खूळच.

त्यांचं सगळं शास्त्र भरीत पार्टीवर चालतं. मळ्यात भाजलेली वांगी सोलायला अख्खी आळी बसली, तरी ती ज्यात ठेचायची ती लाकडी बडगी एकच. हात वाढले की तिच्यापुढे नुसती गर्दी. “सोलाले बठ्ठा शेत, पन बडगी एकच शे,” सोलायला सगळे आहेत पण बडगी एकच आहे, हे त्यांचं अहिराणी वाक्य वर्गात, लग्नात, कुठंही ऐकू येतं. त्यात क्लाउडवरचे संगणक भाड्याचे, म्हणजे एकाच मोठ्या यंत्राच्या पाडलेल्या खोल्या. शेजारच्या अनोळखी भाडेकरूनं नळ सोडला की आपली धार बारीक.

यंदा आम्ही गिरणेच्या पुराचा नकाशा काढणारा प्रोग्रॅम केला. काम देणाऱ्या खात्याचे पाहुणे तो बघायला येणार होते; त्यांच्यासमोर तो वेळेत पुरा झाला नाही, तर पुढचं काम दुसऱ्या शहरात जाणार होतं. विभागप्रमुख म्हणाले, संगणक दुप्पट घेऊ. नाना म्हणाले, निम्मे करा. नदीचा एकेक तुकडा मोजणारा संगणक सारखा शेजारच्याला विचारतो, तुझ्याकडे पाणी किती. संगणक जास्त तितक्या चौकशा जास्त. छोटे तुकडे वेगवेगळ्या वेळी चालवून नानांनी त्या अनोळखी भाडेकरूंचा उपद्रवही अजमावला होता. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत नकाशा येईल, नाही आला तर पुन्हा भाकीत करणार नाही, असं ते सर्वांसमोर बोलून बसले.

पाहुणे येण्याआधी सकाळच्या तालमीत विभागप्रमुखांनी हट्टानं दुप्पट घेऊन पाहिलेच. प्रोग्रॅम रखडला. दुपारी निमूटपणे निम्मे लावले, आणि पाहुण्यांच्या कपात घोटभर चहा उरला असताना पडद्यावर निळी गिरणा पसरली. काम आमच्याकडेच राहिलं. माझीच छाती फुगली.

टाळ्या चालू होत्या आणि नाना नकाशात भडगाव शोधत होते. तिथं त्यांची थोरली बहीण एकटी राहते. तिचं घर निळ्या रंगाच्या बरंच बाहेर होतं. दर पावसाळ्यात पुराची भीती घालूनच नाना तिला देवपूरला आणत. त्यांच्याही घरात दुसरं माणूस नाही.

व्हरांड्यात जाऊन त्यांनी फोन लावला. “अक्का, तुना घरले पुरनी भीती नही.”

फोन कानाशी धरूनच त्यांनी व्हरांड्याला एक फेरी मारली.

“पूर नही उना तरी ये.”