पायमोज्यातला माईक

पहिल्या भेटीतच दिनकरभाऊंनी माझ्या तोंडासमोर पायमोजा धरला.

"धुतलेला हाय. बोला."

मोज्यात माईक होता. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून ही सोय. शहापुरातल्या आमच्या वाचनालयाची वेबसाइट करून घ्यायला मी त्यांना गाठलं होतं. अध्यक्षांचा फोटो, संस्थेचा इतिहास, सगळं टाइप करून नेलं होतं. त्यांनी ते उघडूनही बघितलं नाही. "फोटो मुका नको," म्हणाले. "दाबला की माणूस बोललं पायजे."

शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी मंडळांच्या वेबसाइट भाऊंनी केल्यात, आणि त्या सगळ्या बोलतात. किन्हवलीकडच्या एका भजनी मंडळाच्या खजिनदारांचा फोटो दाबला की "रामकृष्णहरी" ऐकू येतं आणि मागून शेळी ओरडते. शेळी काढा, असा मंडळाने निरोप धाडला. "शेळी पण गावातलीच हाय," एवढंच भाऊंचं उत्तर.

वाचनालयाचं काम झालं, पण मला भाऊंचा नाद लागला. उंबरमाळीकडच्या एका पाड्यावर रानभाज्या विकणाऱ्या बायांचा गट आहे. त्यांच्या कामाला मी भाऊंच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. गटाला मदत करणाऱ्या संस्थेचे एक साहेब तिथे होते.

"आवाजबिवाज नको," ते म्हणाले. "भाजीचे फोटो आणि फोन नंबर, बस्स."

"मग दुसरा बघा," म्हणत भाऊ मोजा गुंडाळायला लागले.

बायांनीच त्यांना थांबवलं. गटाच्या प्रमुख हिराबाई मोज्यासमोर बसल्या.

"यात काय बोलू?"

"लांबच्या पोरीला फोनवर काय बोलता?"

हिराबाईंची लेक भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली. त्यांनी पदर सावरला आणि थेट मोज्यालाच विचारलं, "जेवलीस का गो? पोराला उन्हात नको फिरवू. मी हाय हितं."

"झालं!" भाऊ खूश.

"अहो, भाजीचं काय?" साहेब कळवळले. पण भाऊंनी हिराबाईंच्या फोटोमागे तेच ठेवलं.

पावसाळ्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा लेक घरी परतली होती. "भट्टीवर आमी सगळ्याजनी मोबाइलवर आयचा आवाज ऐकायचो," ती म्हणाली. "पोरगा तर फोटो दाबत दाबत झोपायचा." कल्याणहून शेवळांची रानभाजी मागवणाऱ्या बायकाही फोनवर आधी विचारायच्या, "मुलगी जेवली का?" गटाचा माल टोपल्या रिकाम्या होईपर्यंत खपत होता. साहेबांनीही मग आपला आवाज दिला. त्याआधी केस विंचरून घेतले.

परतताना टपरीवर चहा घेताना मी विचारलं, "भाऊ, आवाजाचं हे वेड कुठून आलं?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"आमची ही गेली ना, तिचे फोटो भिंतभर हायत. आवाज नाय. पुतणीच्या बारशाचा एक व्हिडिओ सापडला. सगळ्या बाया पाळणा म्हणतायत, ही पाठमोरी. त्यातला हिचा आवाज कंचा, तेच कळत नाय."

"मग?"

"मग सगळ्यांचा ऐकतो," भाऊ म्हणाले. "त्यातला एक तिचा हायच ना."