हकीकत मोहाआडल्या बिनतारी स्वारीची

वैनगंगातीरीचा देव साक्ष ठेवोन आणि मीठमसाला बेताने घालोन ही कैफियत लिहितो. गडचिरोली प्रांती, धानाचे बांधांलगत एक महाविद्यालय. तेथे राजमान्य राजेश्री दिव्यानीबाई, पोंभुर्ण्याकडील कास्तकाराची लेक, बिनतारी जाळ्याची विद्या शिकत होत्या. शेवटचे प्रात्यक्षिक तेवढे बाकी. तों फर्मान निघाले जे, महाविद्यालयाचे गच्चीवरोन बांधापलीकडील वसतिगृहाचे गच्चीवर, तार न लावता, परीक्षकांसमक्ष संदेश पोचवावा. न पोचल्यास वर्ष बुडाले समजावे. बाईंस नोकरीचे बोलावणे आले होते, परंतु पदवी हाती असेल तरच. वर्ष बुडते तर नोकरीही बुडती.

मग बाईंनी चैत्रात मोर्चे बांधिले. जोडीस अखंडितबॅकलॉगअलंकृत आयुषराव, ज्यांचा पराक्रम चहाटपरीवर सर्वश्रुत. दोन गच्च्यांवर दोन अँटेना बसविले, आणि मानकग्रंथातील पाच गिगाहर्ट्झ नामे लहरींचा सरदार, चालीस मोठा जलद, त्यास कामगिरी सांगितली. मधे बांधावर, धानाचे मालक लटारूभाऊ यांचा मोहाचा वृक्ष उभा. परंतु ते मोहफुलाचे दिवस, झाडास पान म्हणोन नव्हते, आणि लटारूभाऊंचे घर सारे खाली फुले वेचीत होते. सरदार फांद्यांतून सुसाट निघोन गेला. बाई खूश, आयुषराव त्याहून खूश, आणि घोडे गंगेत न्हाले म्हणोन मंडळी निवांत जाहली. अरे, पण झाडास पालवी फुटते हे शाळेत शिकविले होते की नाही!

परीक्षा लागली आषाढात. तालमीस अँटेना चालू केले तों मोह पानांनी गच्च, पाने पाण्याने चिंब, आणि सरदार पानांपाशी येऊन जे बसले ते उठेनात. एक अक्षर पलीकडे जाईना. आयुषरावांनी मसलत दिली जे, मोह आडवा करावा, कुऱ्हाड मी आणितो. ही वर्दी जाताच लटारूभाऊ बांधावर येऊन उभे राहिले आणि बोलिले, “बाई, मोहाले कुऱ्हाड लावत नाई आमी. घर पोसते तो आमचं. तुमचं काय ते असन, बाजूनं न्या ना.”

बाई रडकुंडीस आल्या, खरेच रडल्याही. मग डोळे पुसोन ग्रंथ उघडिला, आणि वाचिता वाचिता ध्यानी आले जे, दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झ नामे जुना सरदार चालीस मंद, गर्दीत कुरकुऱ्या, परंतु झाडझाडोऱ्यास तितका भीत नाही. तेव्हा पाचास रुखसत दिली, जुन्यास मानाची वस्त्रे दिली, दोन्ही अँटेना उंच बांबूंस बांधिले, आणि आयुषरावांस बांबू धरण्याचे कामी नेमिले.

नागपुराहून परीक्षक आले, छत्रीखाली उभे राहिले. संदेश पोचला, परंतु बैलबंडीचे चालीने पोचला. परीक्षकांनी आठी घालोन पुसिले जे, एवढा वेग दवडिला, त्यापरीस झाडच का न तोडिले? आयुषरावांचे हातचा बांबू डुलला. दिव्यानीबाई बोलोन गेल्या, “सर, झाड तोडून त कोनी बी पास होते.”

परीक्षक हसो लागले ते थांबेनात, आणि हसता हसताच सही ठोकिली. येणेप्रमाणे बाई पास जाहल्या, नोकरी राहिली, आयुषरावही बांबूसकट पास जाहले, आणि मोहाचे एक पान न पडता फत्ते जाहली, हे वर्तमान दप्तरी दाखल.