क्लाइव्हचा उजवा हात

"डॉक्टर, सरड्याचा उजवा हात कापला, तर तो डाव्या हाताने टाटा करतो का?"

मार्नीने हे विचारलं मात्र, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या अकरा चौकटींमधली अकरा तोंडं एकदम हसत सुटली! ऑनलाइन शाळेच्या तासाला आज जनावरांचे डॉक्टर पाहुणे आले होते, आणि पैज ब्रॉनीने लावली होती. "पाहुण्या डॉक्टरांना हे विचारून दाखव, मग तुला मानलं!" ब्रॉनी म्हणजे मार्नीची जिवलग मैत्रीण. राहायला सव्वाचारशे किलोमीटरवर. दोघी समोरासमोर भेटायच्या वर्षातून एकदा, शाळेच्या खेळांच्या दिवशी. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ब्रॉनी पडद्यावर, पोस्टाच्या तिकिटाएवढी!

पूर्वी माइकचं बटण दाबायचं म्हटलं की मार्नी बोट मागे घ्यायची. पण गेल्या महिन्यात वादविवादात तिने वरच्या वर्गातल्या मुलाला असं काही गप्प केलं, की तेव्हापासून बटणावरचं बोट निघेना. आता ती कुणालाही, काहीही विचारू शकत होती!

गंमत म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हताच.

क्लाइव्ह म्हणजे मार्नीचा पाळीव दाढीवाला सरडा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला. त्याला पाळायचा सरकारी परवाना अभ्यासाच्या खोलीत फ्रेम करून लावलेला. ती टेबलाशी आली, की हा उजवा हात उचलून सावकाश गोल फिरवायचा. सरड्यांमध्ये याचा अर्थ 'मी लहान आहे, मारू नका' असा होतो म्हणे. मार्नीच्या लेखी अर्थ सरळ होता: आलीस? बाबा पहाटेच मेंढ्यांकडे जायचा, आई पाण्याच्या पंपांकडे. 'आलीस?' म्हणायला घरात दुसरं होतं कोण?

आणि दहा दिवसांपूर्वी बाबाने गाडीचं दार लावलं, ते नेमकं त्याच हातावर.

"टाटाचं पुस्तकात नाही बुवा," डॉक्टर इलियट हसले. मग हसायचे थांबले. एक्स-रे त्यांनीच काढला होता. "हाड सडतंय, मार्नी. कापला नाही तर महिनाभर काढेल. कापायला घेतला तर एवढासा जीव, भुलीतून उठेलच असं नाही. उद्यापर्यंत कळव."

आईने तर आधीच हात झटकले होते. "जनावर तुझं, निर्णय तुझा."

ठीक आहे! मार्नीने तडक स्वयंपाकघरातला, फार्मवर एकमेकांशी बोलायचा रेडिओ उचलला. "बाबा, क्लाइव्हचा हात कापावा लागणार! नाहीतर मरेल! घरी ये ना!"

बाबा तेव्हा लांबच्या पाणवठ्यावर टाकीत डोकं घालून बसला होता. त्याला काहीच ऐकू गेलं नाही. पण आसपासच्या पाचही मेंढीफार्मांचे रेडिओ एकाच चॅनलवर. बाकी सगळ्यांनी ऐकलं!

"मार्नी पोरी, मी टेडकाका. रक्त वाहतंय का?"

"नाही काका, काळा पडलाय नुसता."

"शुद्धीवर आहे?"

"आहे, पण डोळे मिटतोय. सकाळपासून एक झुरळसुद्धा खाल्लं नाही!"

रेडिओवर कुणीतरी 'अरे देवा!' म्हणालं.

"भ्रमिष्टासारखं करतोय बिचारा," टेडकाका हळूच म्हणाले. "कुंपणाच्या कामावरचा नवा गडी असणार. धीर धर, निघालोच!"

तासाभरात अंगणात हा धुरळा! टेडकाकांचं छोटं विमान उतरलं. मागोमाग चार गाड्या. कुणी मलमपट्टीची पेटी आणली, कुणी स्ट्रेचर म्हणून कपाटाचं दार उपटून आणलं! ऐंशी वर्षांच्या डल्सीआजी बासष्ट किलोमीटर गाडी हाकत फळांचा केक घेऊन आल्या. आई पंपावरून आली ती ग्रीसने माखलेल्या हातांनी, आणि अंगणात नऊ माणसं बघून जागीच थिजली.

"कुठाय तो?" टेडकाकांनी टोपी काढली.

"माझ्या टेबलावर."

सगळे पाय न वाजवता आत शिरले. गरम पाण्याच्या पिशवीवर पहुडलेल्या क्लाइव्हने एक डोळा उघडला. टेडकाकांनी क्लाइव्हकडे पाहिलं. मग स्ट्रेचरसाठी आणलेल्या सहा फुटी दाराकडे.

"हा क्लाइव्ह?"

"हो."

"हां... झुरळाचं आत्ता कळलं."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मार्नीला झालं. वादविवादातली सगळी ऐट गेली कुठे कोण जाणे! आई तर टोमॅटोसारखी लाल! पण गंमत बघा, जायला कुणी उठेचना! तेच दार दोन पिंपांवर आडवं टाकून त्यावर केक कापला गेला. हात कापावा की कापू नये यावर असा वाद रंगला, की मेंढ्यांची लोकरकापणी, पाण्याची टंचाई सगळं मागे पडलं. गेल्या नाताळानंतर या अंगणात एवढी माणसं पहिल्यांदाच बोलत होती.

डल्सीआजी मात्र क्लाइव्हपाशीच बसून होत्या. "सरडा आहे ते मला ठाऊक होतं ग," त्या मार्नीच्या कानाशी म्हणाल्या. "तू त्याच्याविषयी रेडिओवर बाबाशी बोलतेस ना, ते रोज ऐकते मी. जेवताना."

"मग आलात कशाला?"

"अख्खा केक एकटीनं संपत नाही."

उन्हं कलायच्या आत सगळे गेले. धुरळा बसला. खोली पुन्हा पहिल्याइतकी मोठी, रिकामी झाली. मार्नी खिडकीतून हात हलवत राहिली, शेवटची गाडी ठिपका होईपर्यंत. वळून पाहिलं तर क्लाइव्हचा उजवा हात बोटभर उचलला गेला, थरथरला आणि पडला. डावा जागचा हलला नाही.

"असू दे," ती म्हणाली. "टाटा मी करत जाईन."

जेवायला बसल्यावर तिने टेबलावर चमचा आपटला.

"आईबाबा, ऑपरेशन करायचं. ठरलं! आणि तो घरी आला की सगळ्यांना बोलवायचं. आजारी माणसाला भेटायला येतात तसं."

आईने कपाळावर हात मारला. "सरड्याला भेटायला?"

बाबाने ताट बाजूला सारलं. गाडीचं दार त्यानेच लावलं होतं. "आणि पोरी... भुलीतून उठलाच नाही तर?"

मार्नीने आपटलेला चमचा सरळ करून ठेवला.

"तरीसुद्धा बोलवायचं," ती म्हणाली. "केक दोन्हीला चालतो."