तीन जबाबदार बाया

शुक्रवारी दुपारी चार वाजता चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या ‘उभारी फिटनेस स्टुडिओ’त चोवीस मॅट, अठरा डंबेल, सहा स्टेपर, दोन पंखे, एक स्पीकर आणि भिंतीवर चिकटवलेल्या सदतीस सूचना होत्या. उर्वशीने सगळं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडे जुळले. फक्त सूचना दुसऱ्यांदा अडतीस भरल्या, कारण मधल्या वेळात तिने एक नवीन लावली होती: ‘सूचना वाचल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.’

उर्वशी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. राइस मिलच्या जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर तिने चौदा महिन्यांपूर्वी हा स्टुडिओ उघडला. तेव्हापासून त्याची किल्ली तिच्याशिवाय कुणाच्या हातात गेलेली नव्हती. आता मात्र जाणार होती. आलापल्लीला भावाच्या, म्हणजे कुलदीपच्या मुलीचं बारसं होतं आणि आत्याशिवाय बारसं होत नाही!

“पुनम, तीन दिवस स्टुडिओ तुझा!” उर्वशीने जाहीर केलं.

पुनम ही स्टुडिओची ट्रेनर. म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं होतं. तिने हातातलं फडकं बादलीत टाकलं.

“खरंच काय मॅडम? का आलापल्लीहून दर पाच मिनिटाले फोन येईल?”

“माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

“तुमचा माह्यावर आहे काय? चौदा महिन्यांपासून मी मॅटच पुसून राह्यली. चंद्रपूरच्या जिमवाल्यानं मले शिकवायले बोलावलं आहे, एक तारखेपासून. मी त्याले अजून हो म्हटलं नाई.”

मॅट पुसता पुसता पुनम एखादीच्या कमरेला हात लावून “अशी नाई काकू, अशी,” म्हणायची, आणि त्या तेवढ्या वाक्यासाठी बाया येत होत्या, हे उर्वशीला पक्कं माहीत होतं. पुनम गेली की बॅच गेली!

“मले तीन दिवस चालवू द्या,” पुनम म्हणाली. “एक फोन नाई करायचा. जमलं तर राहते. नाई जमलं तर जाते.”

“एकही फोन नाही! नेतृत्व म्हणजे दुसरं काय असतं? विश्वास!”

बोलताना उर्वशीचा आवाज इतका भरून आला की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

हे कौतुक एस.टी. स्टँडपर्यंत टिकलं. तिथे तिला प्रयोगशाळा आठवली. एकाच वाचनावर विसंबणारा विद्यार्थी नापास होतो! वाचनं तीन घ्यावीत आणि सरासरी काढावी. आणि फोन करायचा नाही तो पुनमला. बाकीच्यांबद्दल कुठे काय ठरलं होतं?

तिने बॅचमधल्या इंदुताईंना फोन लावला. इंदुताई म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका, वय एकसष्ट.

“ताई, पुनम नावाला आहे. खरी जबाबदारी तुमचीच. पण कुणाला कळू देऊ नका.”

“माही?” इंदुताईंचा आवाज एकदम हळवा झाला. “बेटा, निवृत्त झाल्यापासून कोणी मले काही सोपवलंच नाई गं. तू बिनघोर जाय.”

मग तिने बॅचमधल्याच दिव्यानीला फोन लावला. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तिलाही तेच वाक्य, शब्दाला शब्द. प्रयोगात अटी सारख्या ठेवाव्या लागतात!

शनिवारी संध्याकाळी आलापल्लीत निकाल आले. कुलदीपच्या क्वार्टरमध्ये नेटवर्क फक्त आवारातल्या हातपंपाजवळ यायचं. उर्वशी तिथे एखाद्या बगळ्यासारखी मान उंच करून उभी होती. इंदुताई: ‘सव्वीस हजर.’ दिव्यानी: ‘एकोणीस हजर.’ पुनम: ‘सगळ्या आल्या.’

सगळ्या म्हणजे किती? विचारायची सोय नव्हती. उर्वशीने उरलेल्या दोन वाचनांची सरासरी काढली. साडेबावीस. आता ही अर्धी बाई कोण?

तिला झोप लागेना. उपकरणं सदोष असली तर ती नीट जुळवून घ्यावी लागतात. सकाळी उठल्या उठल्या तिने हातपंप गाठला आणि दिव्यानीला लिहिलं: ‘वॉर्म-अप दहा मिनिटांपेक्षा कमी झाला, तर बॅच ताब्यात घ्या.’ इंदुताईंना लिहिलं: ‘स्क्वॉटमध्ये गुडघा नव्वद अंशात हवा. नसेल तर बॅच थांबवा.’

बारसं संध्याकाळी होतं. पाळणा व्हरांड्यात ठेवायचं ठरत होतं.

“हातपंपाजवळ ठेवू,” उर्वशी म्हणाली.

“काऊन? तिथी चिखल आहे ना वं!” पिंकीवहिनीची आई बायनाबाई ओरडली.

“हवा चांगली येते.”

आत्याचा मान मोठा. सागाच्या फळ्या टाकल्या, वर ताडपत्री बांधली आणि पाळणा हातपंपाशी आला. येणारी प्रत्येक बाई विचारायची, “इथी काऊन?” आणि कुलदीप म्हणायचा, “आत्या सायन्सवाली आहे.”

पाच वाजून चाळीस मिनिटांनी उर्वशी पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं होतं. मागे बायनाबाई आणि चार बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालायला पदर खोचून उभ्या होत्या. तेवढ्यात मुठीतला फोन थरथरला.

दिव्यानी: ‘वॉर्म-अप साडेआठ मिनिटे. बॅच ताब्यात घेतली.’

इंदुताई: ‘नातवाचा कोनमापक आणला. एकेकीचा गुडघा मोजून राह्यली. सगळ्याईले वाकूनच राहा म्हटलं.’

दिव्यानी: ‘इंदुताई मधे मधे करताहेत. त्यांना कुणी सांगितलं?’

इंदुताई: ‘ही मास्तरीन कोन? आठ झाल्या, चौदा राहिल्या. बायाचे पाय लटलट कापून राह्यले. उठू देऊ काय?’

“आत्याबाई, नाव सांगा ना!” बाया ओरडल्या.

“एक मिनिट!” उर्वशीचा अंगठा इंदुताईंच्या नावाकडे निघाला आणि त्याच क्षणी बायनाबाईचा हात तिच्या पाठीत बसला. बायनाबाईने आयुष्यभर धान कांडलं होतं! अंगठा घसरला तो थेट यादीतल्या पहिल्या नावावर. गेले चौदा महिने उर्वशी दिवसातून नऊ-नऊ वेळा त्या नावाला फोन करत होती, म्हणून ते कायम सगळ्यांत वर असायचं.

तिला हे दिसलं नाही. पलीकडे फोन उचलल्याचा आवाज आला आणि ती सुटलीच.

“इंदुताई, मोजणं सोडा, आधी बायांना उठवा! आणि त्या दिव्यानीकडे लक्ष देऊ नका, तिला मी फक्त तुमच्यावर नजर ठेवायला ठेवलंय. खरी जबाबदारी तुमचीच! पुनमला यातलं काही कळू देऊ नका!”

‘कळू देऊ नका... देऊ नका...’ पलीकडून तिचाच आवाज घुमून परत आला. पुनमचा फोन बॅचच्या गाण्यांसाठी स्पीकरला जोडलेला होता. मग धप, धप, धपधप असे एकामागून एक आवाज आले. वाकलेल्या बावीस बाया सुटका होताच मॅटवर बसत होत्या.



“कळलं, मॅडम,” पुनम म्हणाली.

“अन् मलेबी कळलं,” मागून इंदुताईंचा आवाज आला. बारीक, कोरडा.

“मलाही,” दिव्यानी म्हणाली.

फोन बंद झाला. उर्वशी पाळण्यावर तशीच वाकलेली होती. बाळ टक लावून बघत होतं.

“झालं काय कुर्र करून? काय नाव ठेवलं?” बायनाबाईने विचारलं.

उर्वशीला ठरलेलं नाव आठवेना. डोक्यात नाव नव्हतंच. तिथे फक्त इंदुताईंचा तो कोरडा आवाज होता. शेवटी पिंकीवहिनीने स्वतःच वाकून लेकीच्या कानात नाव सांगितलं.

“एकच काम दिलं होतं आत्याले!” कुलदीप म्हणाला. सगळे हसले. उर्वशीला चिखलात पाय रुतवून तिथेच हातपंपासारखं उभं राहावंसं वाटलं.

सोमवारी सकाळच्या एस.टी.त तिने स्वतःचा बचाव करून पाहिला. वाचन, सरासरी, उपकरणं. आष्टी येईपर्यंत तिला ऐकू आलं की आपण माणसांना उपकरणं म्हणतोय. ‘निवृत्त झाल्यापासून कोणी मले काही सोपवलंच नाई.’ आणि आपण काय सोपवलं त्यांना? दुसरीवर ठेवायची पाळत! तिने ओढणी डोक्यावरून खाली ओढून घेतली. शेजारच्या बाईने विचारलं, “डोकं दुखते काय?” “हो,” ती म्हणाली. हेही खोटंच.

संध्याकाळी सव्वापाचला ती स्टुडिओचा जिना चढली. चप्पल काढायलाही धीर होईना. आत गलका होता, तो ती दिसताच थांबला.

“मी तुम्हा तिघींना एकच गोष्ट सांगितली,” ती सगळ्यांसमोर म्हणाली, “आणि ती तिन्ही वेळा खोटी होती. चुकलं माझं.”

इंदुताई खिडकीबाहेर मिलचं छप्पर बघत राहिल्या.

“पण एक सांगा,” उर्वशीला राहवेना, “शनिवारी नक्की किती जणी होत्या?”

“बघा! सुधरते काय ही!” इंदुताई फिरल्या. “मी लेकरंबी मोजली. चाळीस वर्षं अंगणवाडीत तसंच मोजलं.”

“मी साडेपाचच्या आत आलेल्याच धरल्या,” दिव्यानी म्हणाली. “शाळेत हजेरी तशीच घेतात.”

उर्वशीने पुनमकडे पाहिलं.

“मी मोजलंच नाई, मॅडम. मी शिकवून राह्यली होती.”

“आणि वॉर्म-अप साडेआठच मिनिटं का?”

“अर्ध्या बाया घरच्या रोवणीवरून सरळ आल्या. दिवसभर चिखलात वाकून धान रोवलं त्याईनं. त्याईची कंबर आता अजून किती गरम करू?”

बाया हसल्या. उर्वशीने भिंतीकडे पाहिलं. अडतीस सूचनांत रोवणी कुठेच नव्हती.

“चंद्रपूरला हो म्हणालीस?” तिने हळूच विचारलं.

“काल संध्याकाळी म्हणणारच होती. इंदुताईनं थांबवलं.” पुनमने कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट दाखवलं. “तिथी बसा. बॅच होईपर्यंत तोंडातून एक शब्द नाई काढायचा.”

“पंचेचाळीस मिनिटं?”

“पहिल्या दिवशी प्लँक किती वेळ धरायले लावता आमाले?”

“जमेल तेवढा.”

“मग तुमीबी जमेल तेवढंच. आम्ही रोज मोजू. आकडा वाढत गेला तर मी राहीन. नाई वाढला तर एक तारखेले चंद्रपूर.”

“घड्याळ मी लावते,” इंदुताई म्हणाल्या आणि स्टॉपवॉच घेऊन बाकावर तिच्या शेजारी येऊन बसल्या. उर्वशीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण थोडं सरकून जागा दिली.

दिव्यानी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुनमने गाणं लावलं. हात वर गेले, खाली आले. पुनम रांगांतून फिरत होती, हाताने सांगत होती, मधेच कुणाची तरी थट्टा करत होती. उर्वशीने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. ओठ मिटले. तिसऱ्या रांगेतल्या काकूंचा खांदा खाली झुकत होता. अजून झुकला. पुनम तिकडेच निघाली होती, तिला तो दिसला होता, ती चार पावलांवर होती.

“उजवा खांदा!” उर्वशी ओरडली.

इंदुताईंनी बटण दाबलं, चष्मा वर केला आणि वहीत लिहिलं: ‘सोमवार. चार मिनिटे, अकरा सेकंद.’