नऊ वार, नऊ गडी

सांडोरच्या नरहरी राऊतांची जयवंती दिवसातून दोनदा वय बदलत असे. सकाळी साडेनऊला ती घरातून निघे तेव्हा लाल नऊवारी लुगड्यातली, लग्नाला टेकलेली पंधरा वर्षांची बाई असे. आणि पावणेदहाला व्हिन्सेंट शिंप्याच्या मागच्या दारातून बाहेर पडे तेव्हा निळा स्कर्ट नि पांढरा ब्लाउज घातलेली नववीतली पोर. संध्याकाळी हाच कारभार उलट्या दिशेनं चाले. तीन महिने झाले होते आणि गावात कुणाला कानोकान खबर नव्हती.

यात जयवंतीचा म्हणाल तर काडीचाही दोष नव्हता. तिची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून घर आनंदीआत्याच्या हातात. आत्या नरहरीची थोरली बहीण. केळीच्या बागेत कुठल्या वाफ्याला किती पाणी, इथपासून नरहरीनं दाढी कधी करायची, इथपर्यंत तिचाच शब्द चाले. दिवाळीत जयवंतीला पंधरावं लागलं, तशी आत्यानं तिचे परकर पेटीत घालून कुलूप लावलं आणि हिरव्या काठाचं नवंकोरं लाल लुगडं तिच्या हातात दिलं. नेमक्या त्याच आठवड्यात हायस्कुलात नवे हेडमास्तर आले. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं की, स्कर्टाशिवाय मुलींना वर्गात नि मैदानात प्रवेश नाही.

आत्याला विचारून पाहावं, असं जयवंतीच्या मनात चारपाच वेळा आलं. पण "शाळा असं म्हणते काय, मग राहू दे शाळा," हे उत्तर तिला विचारायच्या आधीच ऐकू येई. शाळा सुटली की खो-खो सुटला, आणि खो-खो सुटला की उरलं काय? बागेतलं गवत आणि बघायला येणारे पाहुणे. तेव्हा तिनं आपली जिवाभावाची मैत्रीण रोझलिन हिला गाठलं. रोझलिन व्हिन्सेंट शिंप्याची मुलगी, तिच्याच वर्गातली, तिच्याच संघातली.

"त्यात काय मोठं," रोझलिन म्हणाली, "आमचं घर रस्त्यावरच हाय. सकाळी ये, बदल, जा. आमच्या घरी कपड्यांना कोण इचारतो?"

हे मात्र खरं होतं. शिंप्याच्या घरात कुणाचे कपडे कुठे लटकले आहेत, याची चौकशी खुद्द शिंपीही करत नाही, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

शनिवारी विरारच्या मुलींशी खो-खोचा सामना होता. जयवंती संघाची कॅप्टन. शुक्रवारी संध्याकाळी सराव आटोपून, धापा टाकत, दोघी मैत्रिणी व्हिन्सेंटच्या घरात शिरल्या, तर लुगडं जागेवर नाही. मशीनवर मात्र लाल कापडाचे रुंद पट्टे एकावर एक रचून ठेवलेले, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना हिरवा काठ.

"कसे झालेत?" व्हिन्सेंट चष्म्यावरून बघत म्हणाला. "दुपारी हेडमास्तरांनी शिपायाबरोबर लाल कापड धाडलं. नऊ गडी, नऊ पट्टे. कापड मोजलं तर बरोबर नऊ वार. मी म्हटलं, माणूस हिशेबाचा हाय. आणि काठ बघून म्हटलं, हौशी पण हाय."

जयवंती खुर्चीवर बसली ती बसलीच. तेवढ्यात रोझलिनची आई थेरेसा आतून एक लाल ताग्याची गुंडाळी घेऊन आली. "हे कुणाचं हो? दुपारपासून माझ्या पिठाच्या डब्यावर पडलंय."

व्हिन्सेंटनं गुंडाळी पाहिली, पट्टे पाहिले, मग जयवंतीकडे पाहिलं आणि हळूच कात्री खाली ठेवली. "पदराचा तुकडा मी कॅप्टनसाठी काढून ठेवला होता," तो पडेल आवाजात म्हणाला. जणू त्यानं काही भरून निघणार होतं.

"जोडता येईल का, काका?"

"येईल की. पण आठ ठिकाणी शिवण दिसेल, आणि तुझी आत्या आंधळी नाय."

शेवटी थेरेसानं आपलं लुगडं काढलं. लाल चौकड्यांचं, तिच्या लग्नातलं. ते तिनं आपल्या पद्धतीनं जयवंतीला नेसवलं आणि पाठीवर थाप मारून वाटेला लावलं. वाटभर जयवंती काय सांगायचं ते ठरवत होती. घराच्या पायरीपर्यंत चार थापा तयार झाल्या, पण आत्या दारातच उभी होती, आणि चारही थापा विहिरीत पडल्या.

"हे कुणाचं चौकड्याचं अंगावर?"

"थेरेसाकाकीचं. शाळेत नाटक आहे ना."

"आणि तुझं?"

"ते रोझलिननं नेसायचंय. नाटकात ती मी होते आणि मी ती."

हे बोलताना आपण किती छान खोटं बोलतो, याचं जयवंतीला स्वतःलाच नवल वाटलं. पण आत्याचा चेहरा उजळला. आत्याला नाटकाचं भारी वेड.

"कधी हाय नाटक?"

"उद्या," जयवंती म्हणाली, कारण दुसरं काही सुचलंच नाही.

"उद्या? आणि आज सांगतेस? नरहरी, गाडी जुंप सकाळी. आणि शेजारी कळवून ये. आपली पोर नाटकात उभी राहते नि आपण घरात बसायचं होय?"

शनिवारी सकाळी जयवंती आत्याच्या आधी तासभर शाळेत पोचली. संघातल्या मुलींना तिनं झाडाखाली गोळा करून सगळं सांगितलं. आठजणींनी आठ उपाय सुचवले. कुणी म्हणालं, ताप आला म्हणून झोप. कुणी म्हणालं, आपण पटकन एक नाटक बसवू, पंधरा मिनिटांचं. रोझलिन तेवढी म्हणाली, "हे बघ, आता होईल ते होईल. पण तू नाय खेळलीस तर आपण हरू, आणि हरून वर मार खायचा, यात काय मजा?" हे जयवंतीला पटलं. तिनं पदराचा पट्टा कमरेला बांधला. काठाची दोन्ही टोकं डौलात लोंबू लागली. खरं सांगायचं तर पट्टे दृष्ट लागण्यासारखे झाले होते.

दहाच्या सुमाराला दोन बैलगाड्या शाळेच्या फाटकातून आत आल्या. पहिल्या गाडीत आत्या, आणि दोन्हीत मिळून सांडोरच्या अकरा बायका, केसांत अबोलीचे वळेसर, हातात खाऊची गाठोडी. मुलींच्या खेळाला आजवर एकही पालक बाई फिरकली नव्हती. हेडमास्तर धावतच पुढे गेले.

"आपण सगळ्या मुलींसाठी आलात?"

"म्हणजे काय," आत्या म्हणाली. "आमचीच पोर हाय मुख्य."

हेडमास्तरांना गहिवरून आलं. त्यांनी वर्गातले बाक बाहेर काढायला लावले, बायकांना पहिल्या रांगेत बसवलं आणि भाषणाला उभे राहिले. "वाढत्या वयाचं मूल घडवायला तीन हात लागतात," ते म्हणाले. "एक घराचा, एक सोबत्यांचा आणि एक शाळेचा." मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या जयवंतीला हे अगदी मान्य होतं. एका हातानं तिला लुगडं नेसवलं होतं, दुसऱ्यानं ते खुंटीला अडकवलं होतं आणि तिसऱ्यानं ते उतरवायला लावलं होतं. चौथा हात कात्रीचा, तो हेडमास्तरांना ठाऊक नव्हता.

भाषण चालू असतानाच व्हिन्सेंट काखेत गुंडाळी मारून आला. बिचारा रात्रभर तळमळला होता. भाषण संपताच तो हेडमास्तरांच्या कानाशी लागला. "सर, हे तुमचं कापड परत. पट्टे आनंदीबाईंच्या लुगड्याचे झाले." पुढचं वाक्य क्षमेचं होतं, पण तेवढ्यात पंचाची शिट्टी वाजली. हेडमास्तरांनी मोठे डोळे करून आधी पट्ट्यांकडे आणि मग पहिल्या रांगेतल्या आत्याकडे पाहिलं. अशी बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

नऊ मुली मैदानात आल्या. "ह्या कोण?" एका बाईनं विचारलं. "नाटकातल्या नाचणाऱ्या असतील," दुसरी म्हणाली. आत्याची नजर हिरव्या काठावर खिळली होती. एक, दोन, तीन, करत ती नवव्या पट्ट्यापर्यंत आली, तिथे पदर होता आणि पदराच्या वर जयवंती होती. दोघींची नजरानजर झाली. उद्यापासून गवत, एवढंच जयवंतीच्या डोक्यात आलं.

सामना मात्र कुणासाठी थांबत नाही. पहिल्या डावात विरारच्या मुलींनी चांगलंच दमवलं. दुसऱ्या डावात जयवंतीला हळूहळू पाय सापडले. एक गडी बाद, दुसरा बाद, मैदानाभोवती मुलांनी बाक बडवायला सुरुवात केली. बरोबरी झाली आणि शेवटचं मिनिट उरलं. समोर विरारची एक लांब ढांगांची मुलगी, हाताला लागेना. जयवंती जीव खाऊन मागे धावत होती आणि ती प्रत्येक वेळी वीतभर पुढे सटकत होती.

पहिल्या रांगेत आत्या उठून उभी राहिली. आयुष्यभर केळीच्या बागेत शिरलेली गुरं पकडणारी बाई ती. तिला हे बघवेना.

"अगो, मागून काय हाकतेस," ती अशी ओरडली की विरारच्या पंचानंही वळून पाहिलं. "मागून हाकून वासरू कधी सापडलंय? पुढचीला उठव, वाट अडव."

बाजूच्या अकराजणींनाही वासराचं शास्त्र तोंडपाठ होतं. त्याही उठल्या. "पुढची उठव, पुढची," असा एकच गिल्ला झाला. खाऊची गाठोडी पायदळी गेली. जयवंतीचा स्वभाव सगळं स्वतः पळून करायचा. पण आत्याचा हुकूम मोडायची तिला सवय नव्हती. तिनं रोझलिनच्या पाठीवर थाप मारून खो दिला. रोझलिन उठली ती थेट त्या मुलीच्या वाटेवरच उठली, आणि खांबाच्या दोन हात अलीकडे ती लांब ढांगांची मुलगी तिच्या हाताला अलगद लागली. शिट्टी झाली. सांडोरच्या बायका मैदानात घुसल्या.

गलबला ओसरला तशी आत्या जयवंतीकडे चालत आली. रोझलिन मैत्रिणीच्या अंगाला चिकटून उभी राहिली, व्हिन्सेंट एका झाडाआड गेला. आत्यानं पट्ट्याचं टोक हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात हेडमास्तर नारळ नि गुलाबाचा गुच्छ घेऊन मध्ये उभे राहिले.

"पालक हो," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आजच्या विजयाचं श्रेय मी आनंदीबाईंना देतो. मुलींना पट्टे हवेत म्हणून या माउलीनं घरातलं कोरं लुगडं कापून दिलं. आपण होऊन दिलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. तिनं हेडमास्तरांकडे पाहिलं, अकरा शेजारणींच्या थक्क चेहऱ्यांकडे पाहिलं आणि नारळ घेतला. "त्यात काय मोठंसं," ती म्हणाली. "पोरींचंच काम होतं."

परतीच्या गाडीत जयवंती स्कर्टातच बसली होती, कारण थेरेसाकाकीचं लुगडं सकाळीच परत केलं होतं आणि नेसायला दुसरं काही नव्हतं. जयवंती मनातल्या मनात शाळेचा निरोप घेत होती.

"सोमवारपासून त्या व्हिन्सेंटच्या घरी कपडे बदलायला जायचं नाय," आत्या अखेर म्हणाली.

"नाही जाणार," जयवंती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"घरूनच तो घागरा घालून जा. सगळ्या गावानं बघितलाच हाय. आणि मला आधी विचारलं असतंस तर लुगडं वाचलं असतं."

जयवंतीचा विश्वासच बसेना. ती आत्याच्या गळ्यातच पडली असती, पण मागच्या गाडीतून मोठमोठ्यानं आवाज येत होते. मुलांच्या संघाला पट्टे नाहीत, हे बायकांच्या लक्षात आलं होतं, आणि आपलं लुगडं आधी द्यायचं यावरून भांडण जुंपलं होतं. आत्यानं मांडीवरचा नारळ सावरला. हा मान असा दारोदार वाटला जावा, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं.

"तसं कुणाचंही घेत नायत," ती मागे वळून म्हणाली. "ज्या घरची पोर शाळेत, त्याच घरचं लुगडं. नियमच हाय तसा."

मागच्या गाडीत घरी बसवलेल्या पोरींची वयं मोजणं सुरू झालं.

सोमवारी जयवंती शाळेत पोचते तो हेडमास्तरांनी तिला खोलीत बोलावून घेतलं. दाराशी तीन बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत लाल लुगडं आणि हाताशी एकेक बावरलेली मुलगी. टेबलावर शाळेच्या नियमांची वही उघडी होती. ती त्यांनी दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलेली दिसत होती.

"या म्हणतात, असा नियम आहे. तुझ्या आत्याबाईंनी सांगितला. मला तर कुठे सापडत नाही. आहे का असा नियम?"

जयवंतीनं त्या तीन मुलींकडे पाहिलं. "आत्या म्हणते म्हणजे असेलच, सर."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मग वहीचं शेवटचं कोरं पान उघडून त्यांनी दौत नि टाक तिच्यापुढे सरकवला. "तुझं अक्षर बरं आहे. लिही."

जयवंतीनं घोटून नियम लिहिला. "सर, तारीख कुठली घालू?"

हेडमास्तरांनी दाराकडे एकदा पाहून आवाज खाली आणला. "मागच्या वर्षीची घाल."