चार मीटर बारा सेंटीमीटर वेल

थोर माणसाने एकाच गोष्टीत थोर असावं, हा सार्वजनिक जीवनाचा पाया आहे. तो दुसऱ्याही गोष्टीत थोर निघाला की लोकांची गैरसोय होते. पुतळ्याच्या हातात काय द्यायचं, धडा कोणत्या इयत्तेला लावायचा, भाषणात कुठलं विशेषण वापरायचं, सगळीकडे घोडं अडतं. आमच्या महर्षींनी ही अडचण समाजावर कधी येऊ दिली नाही. ते गरुडांसाठी प्रसिद्ध होते आणि शेवटपर्यंत गरुडांसाठीच प्रसिद्ध राहिले. मनगटावर गरुड बसलेला त्यांचा फोटो सर्वांनी पाहिलेला आहे. (ज्यांनी पाहिलेला नाही, तेही पाहिला असंच सांगतात.)

मी त्यांच्या स्मारक-संग्रहालयात वस्तुनोंद अधिकारी आहे. हे संग्रहालय म्हणजे त्यांचं राहतं घर. ते वारल्यावर त्यांच्या मुलीने ते संस्थेला दान दिलं आणि स्वतः मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला गेली. मुलगी म्हणजे आता अडुसष्ट वर्षांच्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. दानपत्रात बाईंनी एकच अट घातली होती : रोज सकाळी सात ते आठ आपल्याला वडिलांच्या अभ्यासिकेत खिडकीशी बसू द्यावं. का, ते कोणी विचारलं नाही. फुकट मिळालेल्या घराबद्दल प्रश्न विचारण्याची आमच्या संस्थेत पद्धत नाही.

घराबरोबर महर्षींच्या एकसष्ट वह्याही आल्या. त्या मी स्वतः मोजल्या. त्यांपैकी गरुडांवरच्या नऊ. उरलेल्या बावन्न वह्या अभ्यासिकेच्या खिडकीवर चढलेल्या एका वेलीवर आहेत. गरुडांचं सगळं काम महर्षींनी तरुणपणी अडीच वर्षांत उरकलं होतं; वेलीवर त्यांनी एकतीस वर्षं घालवली. हा तपशील चरित्रकाराला ठाऊक होता, पण त्याने समंजसपणे तो गाळला. प्रकाशकाने आत्मचरित्रातलं वेलीचं प्रकरण 'वाचक झोपेल' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. हयातीत महर्षींच्या दोनशे चौदा मुलाखती झाल्या. त्यांत वेलीचा उल्लेख एकदाच येतो : 'मागची ती कुंडी जरा हलवता का? फ्रेममध्ये येतेय.'

या वेलीचा जन्मही काही सांगण्यासारखा नाही. जुन्या बुटांच्या तळव्याला चिकटलेला, कुठल्यातरी डोंगरावरचा वाळका चिखल महर्षींनी एकदा रिकाम्या कुंडीत खरवडून टाकला आणि त्यातून ती उगवली. कुठल्या डोंगरावरचा, ते त्यांनाही आठवेना. वेलीचे तंतू हवेत हळूहळू गोल फिरत आधार शोधतात, हे पाहून ते खुर्ची ओढून बसले आणि जवळजवळ उठलेच नाहीत. एक फेरा किती मिनिटांत, ढगाळ दिवशी किती, काठी लावली तर किती वेळाने तंतू तिला धरतो, काठी काढून घेतली तर किती वेळाने सोडतो, असं सगळं रोज लिहिलेलं आहे. रोजच्या नोंदीचा शेवट मात्र ठरलेला : 'फूल नाही.' फूल पाहिल्याशिवाय वनस्पतिशास्त्र झाडाला नाव देत नाही. (आम्हीही ओळखपत्र पाहिल्याशिवाय माणसाला आत सोडत नाही, त्यामुळे या बाबतीत शास्त्राशी आमचा वाद नाही.) तेव्हा एकतीस वर्षं त्या वेलीला नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या वेलीवर निबंध छापता येत नाही म्हणून महर्षींनी एक ओळही छापली नाही.

ही सगळी अडगळ सुखाने पडून राहिली असती. पण महर्षींच्या जन्मशताब्दीला वरून परिपत्रक आलं. शेजारच्या शहरात एका गणितज्ञाची बासरी काचेत ठेवली आणि प्रेक्षक दुप्पट झाले, असं कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. परिपत्रकाप्रमाणे प्रत्येक स्मारकाने आपल्या थोर व्यक्तीचा किमान एक कमी परिचित पैलू प्रदर्शित करणं सक्तीचं झालं. जो पैलू शंभरातल्या दहांहून कमी लोकांना माहीत असेल तो कमी परिचित. प्रदर्शन यशस्वी होऊन तो दहांहून अधिकांना माहीत झाल्यास तो ताबडतोब काढून घ्यावा आणि दुसरा पैलू लावावा, अशीही सूचना होती. आमच्या संचालकांनी टेबलावर थाप मारली.

"आपल्याकडे वेल आहे!" ते म्हणाले. "बावन्न वह्या आहेत! कोणालाच माहीत नाही! याहून कमी परिचित काय असणार?"

त्या दिवशी संचालकांना महर्षींविषयी जेवढा आदर वाटला तेवढा मी आधी कधी पाहिला नव्हता.

संग्रहालयात प्रदर्शित होणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी लागते. मी टेप घेऊन वेलीची नोंद केली. वस्तूचे नाव : वेल (बहुधा). लांबी : चार मीटर बारा सेंटीमीटर. पाने : तीनशे अठरा. तंतू : चव्वेचाळीस. स्थिती : चांगली. हालचाल : नाही. या शेवटच्या रकान्यावर बाई खिडकीशी बसल्या बसल्या हसल्या होत्या, पण लेखी हरकत त्यांनी घेतली नाही.

तीन महिन्यांनी नियमाप्रमाणे पडताळणी झाली. महर्षींचा चष्मा जागेवर होता. काठी जागेवर होती. दालनातला पेंढा भरलेला गरुडही जागेवर होता. (तो गरुड नसून घार आहे आणि महर्षींनी तिला कधी पाहिलेलं नाही, पण तो नोंदीप्रमाणे आहे.) वेल मात्र चार मीटर एकतीस सेंटीमीटर भरली. पाने तीनशे सदतीस. शिवाय सहा तंतू नोंदवलेल्या जागी नव्हते; ते पडद्याच्या दांडीवर आढळले. पडताळणी पथकाने शेरा मारला : 'संस्थेच्या मालकीची नसलेली एकोणीस सेंटीमीटर वेल संस्थेच्या आवारात सापडली. खुलासा करावा.'

खुलासा करायला मार्ग तीन. एक, मूळ नोंद दुरुस्त करणं. त्यासाठी तीन खात्यांची परवानगी आणि पहिली मोजणी चुकली असल्याची संचालकांची लेखी कबुली लागते. दोन, जादा वेलीचा मालक शोधणं. तीन, जादा वेल काढून टाकणं. तिसऱ्या मार्गाला फक्त कात्री लागते. मी कात्री मागवली आणि वेल नोंदीप्रमाणे केली. ते काम मी इतकं नेटकं केलं की पथकाने माझं कौतुक केलं. पुढे पानगळ झाली तेव्हा उलट त्रेसष्ट पानांचा तुटवडा आला आणि पहारेकऱ्याला नोटीस गेली. बिचारा आठवडाभर कुंडीखालची सुकलेली पानं पाकिटात भरून हजेरी देत होता. एकूण वर्षभरात चार पडताळण्या झाल्या, तीनदा कात्री चालली आणि वेल कायम चार मीटर बारा सेंटीमीटर राहिली. इतकी शिस्त महर्षींना एकतीस वर्षांत जमली नव्हती.

उद्घाटनाला बारा दिवस राहिले असताना बाईंनी मला सकाळी हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. चष्मा आहे ना तुमच्याकडे?"

वेलीच्या शेंड्याशी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी होतं. एक नव्हे, चार.

"कळ्या आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या वहीत तारीख आणि वेळ लिहिली. "अण्णांनी एकतीस वर्षं वाट पाहिली. त्यांच्यामागून मी चौदा. फूल आलं की कळेल ही कोण, कुठली. अण्णांच्या वह्यांना नाव मिळेल. नाहीतर त्या रद्दीच आहेत, तुम्ही काचेत ठेवा नाहीतर आणखी कुठे."

"छान झालं की," मी म्हणालो.

"तेवढी कात्री थांबवा. दहा-बारा दिवस. एवढंच मागतेय."

मी म्हणालो, "अर्ज करा."

बाईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. अक्षर सुरेख होतं, विनंती एका वाक्यात होती, आणि आमच्या कार्यालयात आलेला तेवढा सरळ अर्ज मी तरी पाहिलेला नाही. त्यामुळेच त्याचं काय करावं, कोणाला कळेना. फूल ही वस्तू आहे की घटना, इथे पहिल्या बैठकीत माशी शिंकली. वस्तू असेल तर ती अजून अस्तित्वात नाही, सबब तिला संरक्षण देता येत नाही. घटना असेल तर ती कार्यक्रम विभागाकडे जाते. दोन दिवसांच्या विचारविनिमयानंतर ती घटना ठरली. कार्यक्रम विभागाने तत्परतेने विचारलं, की फूल किती वाजता, किती पाहुण्यांसमोर उमलणार, आणि माईक लागेल का? बाईंनी लिहून दिलं, 'नक्की सांगता येत नाही. माईक लागणार नाही.' अर्ज परत आला. शेरा : 'तारीख व वेळ निश्चित करून नव्याने सादर करावा.'

संचालकांना मी तोंडी सांगून पाहिलं. ते मन लावून ऐकत होते.

"फूल मोठं आहे का?" त्यांनी विचारलं.

"करंगळीच्या नखाएवढं असेल, साहेब."

"मग लांबून कोणाला दिसणार ते?" ते म्हणाले. मी मान डोलावली. शिवाय बढतीच्या यादीत माझं नाव होतं, हेही इथे सांगून टाकतो.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी शेवटची पडताळणी होती. वेल चार मीटर एकोणचाळीस भरली, म्हणजे सत्तावीस सेंटीमीटर जादा. वेल शेंड्याकडून वाढते. त्यामुळे चारही कळ्या त्या सत्तावीस सेंटीमीटरांत होत्या. बाई दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, हात धरायला आल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, कारण आरडाओरडा करणाऱ्या अभ्यागतांसाठी आमच्याकडे नियम आहे. मी माप घेतलं आणि कापलं.

"कापलेलं तरी नेऊ का मी?" त्यांनी विचारलं.

मी नियमपुस्तक पाहिलं. जादा वेल संस्थेच्या मालकीची नव्हती, तेव्हा ती द्यायला काहीच हरकत नव्हती. मी तसं त्यांना आनंदाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "सही कुठे करू?"

दुसऱ्या दिवशी उद्घाटन थाटात झालं. 'महर्षींचे हिरवे मन' हे नाव संचालकांनी स्वतः सुचवलं होतं. वह्यांवर ऊन पडू नये म्हणून अभ्यासिकेच्या खिडकीला काळा कागद लावला होता, आणि त्या अंधारात खरी वेल फोटोत नीट येईना, म्हणून तिच्या शेजारी प्लास्टिकची एक लावली होती. तीच लोकांना आवडली. चौदाशे बारा माणसं आली. अभिप्रायाच्या वहीत तीनशे सहा जणांनी 'निसर्ग जपला पाहिजे' असं लिहिलं, त्यांतल्या एकोणीस जणांनी प्लास्टिकच्या वेलीचं एकेक पान आठवण म्हणून नेलं. वनस्पतिशास्त्राचे दोन प्राध्यापक निमंत्रित होते. ते गरुडासोबत फोटो काढून वेळेत परतले.

त्या दिवशी निमंत्रणपत्रिकेशिवाय प्रवेश नव्हता आणि बाईंना पत्रिका पाठवायची राहून गेली होती. त्या बाहेर फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. शेजारी पाण्याचा साधा काचेचा ग्लास, त्यात ती सत्तावीस सेंटीमीटर वेल. तीन कळ्या रात्रीतून गळल्या होत्या. चौथी साडेदहाच्या सुमाराला उमलायला लागली. मी हे खात्रीने सांगतो, कारण पाहुण्यांची यादी तपासायला मी फाटकावर उभा होतो. सहा पाकळ्या, बाहेरून फिकट, आतून इतक्या गर्द जांभळ्या की बघत राहावं. मी बघत राहिलो नाही; यादी लांब होती. प्राध्यापक बाहेर पडले तेव्हा बाई उठून त्यांच्याकडे गेल्या. त्यांतले एक गाडीचं दार उघडता उघडता म्हणाले, "फोटो पाठवून ठेवा ना, बघतो सवडीने." दुपारी चारपर्यंत फूल मिटलं. संध्याकाळी ते पाण्यावर पडलं आणि त्याचा रंगही राहिला नाही. एवढ्या गर्दीत त्याच्याकडे एकानेही पाहिलं नाही, असं अहवालात लिहिलं तर ते खोटं ठरेल, म्हणून मी ते लिहिलेलं नाही.

कारण बाराच्या सुमाराला तुम्ही आला होतात. नाव सांगत नाही, यादीत आहे. वाचता वाचता मघापासून तुम्ही संचालकांवर हसताय, मला शिव्या घालताय, ते ठीकच आहे, ते आमच्या पगारात धरलेलं असतं. पण तुम्ही फाटकाजवळ थांबलात. ग्लासाकडे चांगलं दोन क्षण पाहिलंत. मग वाकून, अगदी सभ्यपणे, बाईंना म्हणालात, "आजी, हे जरा इकडे घेता का?" बाईंना वाटलं, तुम्हाला जवळून बघायचंय. त्यांनी लगबगीने ग्लास उचलला आणि तुमच्यासमोर धरला. तुम्ही मोकळ्या झालेल्या जागेवर पिशवी ठेवलीत, त्यांचे आभार मानलेत, आणि रांग किती लांब आहे ते पाहायला पुढे गेलात.