तिसऱ्या मजल्यावरचा खोकला

नर्सबाईंचा स्वतःच्या कानांवर भारी विश्वास! "नुसता खोकला ऐकून सांगते, साधा की क्षयाचा. आणि ही तर माझीच इमारत. तासाभरात रोग्यांची यादी तयार!" असं डॉक्टरांना ठणकावून त्या निघाल्या.

पहिल्याच दारात शिंपीणकाकू आडव्या आल्या. "आमच्याकडे कोण्णी खोकत नाही हो! मुलीचं लग्न जमतंय, असलं काही विचारूसुद्धा नका."

"मग हा वरून ऐकू येतोय तो खोकला कुणाचा?"

"तो होय? वरच्या बंद खोलीतला. भूत आहे तिथे."

दुसऱ्या दारी तेच, चौथ्या दारीही तेच. शिकलेली माणसं, भिंतीएवढे टीव्ही, पण क्षय म्हणजे घराण्याला बट्टा! भूत चालतं, त्यानं सोयरीक मोडत नाही.

नर्सबाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. भर दुपार, तरी जिन्यात काळोख. बंद दाराआडून खोकला आला. मग दुसरा, जरा घोगरा. मग चार-पाच एकदम, आणि पुन्हा चिडीचूप. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. भूत एकटं असतं अशी त्यांची समजूत होती! तरी त्यांनी दार ढकललं.

खिडक्यांवर जाड चादरी ठोकलेल्या. अंधारात सहा खुर्च्या, सहा माणसं, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. घरोघरचे खोकणारे दिवसभर इथे आणून लपवलेले!

"अहो, असं कोंडून बसलात तर मराल सगळे! औषधानं बरा होतो हा रोग!" बाईंनी एक चादर ओढली, खिडकी सताड उघडली. उजेड पडला आणि कोपऱ्यातून त्यांचे सासरे म्हणाले, "सूनबाई, ओरडू नकोस."

"मामंजी, तुम्ही?"

"नर्सच्याच घरात क्षय! लोक काय म्हणतील? तुला कमीपणा नको म्हणून येऊन बसतो गं इथे."

बाईंना रडूच फुटलं. तेवढ्यात खालून शिंपीणकाकूंनी हाक मारली, "कोण आहे हो वर?"

"कोणी नाही!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. नेमकी तेव्हाच सासऱ्यांना उबळ आली, आणि ती झाकायला बाईच खिडकीत उभ्या राहून जोरजोरात खोकल्या.

खालच्या खिडक्या एकामागून एक धडाधड बंद झाल्या.

थुंकी तपासणीच्या डब्या घेऊन बाई तासाभरानं परत आल्या. खोलीत कुणीतरी सातवी खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावर घडी घातलेला कोरा रुमाल.